चार बोटं जागा

इंदू गेली ती आमच्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर असलेल्या दवाखान्यात, आणि मला ते कळलं कॅनडातून. दवाखान्याच्या कागदावर जवळचा नातेवाईक म्हणून आनंदचं, तिच्या मुलाचं नाव होतं. त्यांनी आधी त्याला फोन केला आणि त्यानं मला. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गॅलरीत मी मेथी निवडत बसले होते. "शोभामावशी, आई गेली," एवढंच तो म्हणाला. आदल्या संध्याकाळी मी तिच्या उशाशी बसून आले होते. तेव्हा तिला बोलायला त्रास होत होता, तरी माझा हात धरून म्हणाली होती, "शोभा, यंदाची करडई निघाली का गं? तेल बदल. जुनं खवट झालं असंल." मी म्हटलं, "तू घरी चल, दोघी मिळून बदलू." ती माझ्याकडं अशी बघत राहिली, जशी वर्गात उत्तर येत नसताना हात वर करणाऱ्या मुलीकडं बघायची. खोटं बोलणं मला कधीच जमलं नाही, आणि तिच्यापुढं तर नाहीच नाही.

आता महिना होऊन गेला. लोक भेटतात, म्हणतात, सुटली बिचारी. मला या वाक्याचा संताप येतो. सुटायची घाई तिला नव्हती. तिचं एक काम राहिलं होतं, आणि ते काम आता कुणाच्यानंही व्हायचं नाही. ते काय होतं हे सांगायला मी हे लिहायला बसले आहे, एरवी लिहिणं हा माझा प्रांत नव्हे. शाळेत मी गणित शिकवायची आणि ती मराठी. महापालिकेच्या त्या शाळेत आमची टेबलं शेजारी लागली आणि निवृत्त होईस्तोवर तशीच राहिली. ती फुलंब्रीकडच्या बौद्ध घरातली, मी गंगापूरकडच्या शेतकरी घरातली. ती शांत, मी तिरसट. वर्गात स्वच्छ छापील मराठी बोलणारी इंदू शिक्षकांच्या खोलीत आली की गावाकडची व्हायची. "शोभा, तुझ्या डब्यात काय हाय ते आधी सांग, मग माझा उघडते." तिचा नवरा लवकर गेला. आनंदला तिनं एकटीनं वाढवलं, गारखेड्यात खाली दोन आणि वर एक अशा खोल्यांचं घर बांधलं आणि पोरगा पोर्तुगालला नोकरीला गेला तेव्हा विमानतळावर न रडता त्याला टाटा केला. घरी येऊन मात्र माझ्या खांद्याचा पदर तिनं पार भिजवला होता.

आमच्या डब्यांचा एक नियम होता, तो तिचाच. डबा रिकामा परत द्यायचा नाही. मी भाजी दिली की तिच्याकडून डब्यात चटणी यायची, तिनं धपाटे दिले की मी गूळ तरी घालायची. घाईत एकदा मी तिचा डबा घासून तसाच परत दिला तर तिनं झाकण उघडून आत पाहिलं आणि म्हणाली, "एवढा राग?" मला वाटलं चेष्टा करते आहे. नव्हती करत. तिच्या आईनं तिला शिकवलं होतं की रिकामं भांडं परत गेलं म्हणजे येणं-जाणं संपलं असं समजायचं. हा नियम पुढं विमानात बसून सातासमुद्रापार जाईल असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आनंदनं तिकडंच लग्न केलं. मुलगी तिथलीच, इनेस नावाची, मोठ्या डोळ्यांची आणि कमी बोलणारी. नात झाली तेव्हा इंदू पहिल्यांदा तिकडं गेली आणि दोन-अडीच महिने राहिली. नातीचं नाव लिया. इनेसची आई मारिया, तिला इंदू पहिल्या दिवसापासून मारियाबाई म्हणायची. त्यांचं गाव डोंगराच्या उतारावर, घरामागं द्राक्षाचा मळा, आणि व्याही घरच्यापुरती वाईन घरीच करायचे. बाटलीवर ना चिठ्ठी ना नाव, नुसती हिरवी जाड काच आणि वर बूच. इंदू निघाली तेव्हा मारियाबाईंनी दोन बाटल्या तिच्यापुढं ठेवल्या, एक पांढरी, एक लाल. आता इंदू म्हणजे पंचशील घेतलेली आणि पाळणारी बाई. पाचवं शील म्हणजे मद्याला शिवायचं नाही. आनंद म्हणाला, आई, राहू दे इथंच, मी सांगतो त्यांना. तर ही म्हणाली, "व्याह्यांनी दिल्यालं नाय कसं म्हणायचं? मी पिणार नाय, पण घेऊन जाणार." मारियाबाईंनी नवऱ्याचे जाड लोकरीचे मोजे काढले, एकेका मोज्यात एकेक बाटली घातली आणि स्वतःच्या हातानं इंदूच्या साड्यांच्या मधोमध ठेवली. मुंबईला कस्टमच्या माणसानं बॅग उघडायला लावली. बाटल्या कसल्या म्हणून विचारलं तेव्हा पांढऱ्या साडीतली ही बाई त्याला म्हणाली, "विहिणीचा आहेर आहे." त्यानं बॅग बंद करून दिली म्हणे. मला त्या माणसाचं कौतुक वाटतं.

त्या बाटल्यांचं करायचं काय, हा मोठाच प्रश्न झाला. ओतून द्यायच्या तर कुणाचे तरी कष्ट ओतून दिल्यासारखं. ठेवायच्या तर बुद्धांच्या तसबिरीसमोरच्या कपाटात कशा ठेवायच्या? शेवटी तिला आमच्या ह्यांची आठवण झाली. आमचे हे सज्जन गृहस्थ आहेत, पण शनिवारी संध्याकाळी ते जरा जास्त सज्जन होतात हे तिला ठाऊक होतं. पिशवीत घालून बाटल्या घेऊन आली आणि ह्यांना म्हणाली, "भाऊ, दुसऱ्याला देण्यात माझं शील मोडतं का नाय ते मला म्हाईत नाय, ते मी भंतेजींना विचारणार बी नाय. पण बाटल्या मला धुऊन परत पायजेत." हे इतक्या आनंदानं हो म्हणाले की मला लाज वाटली. भंतेजींना तिनं खरंच कधी विचारलं नाही. मी छेडलं तर म्हणायची, "विचारलं आन ते नको म्हणले तर मग मारियाबाईंना काय सांगू?"

बाटल्या धुऊन परत गेल्या आणि त्यांत काय भरायचं याचा विचार सुरू झाला. तूप चालणार नाही, तिकडं दुधातुपाचं काही नेऊ देत नाहीत. लोणचं बाटलीच्या तोंडातून जाईना. मग ठरलं, करडईचं तेल. आपल्याकडचं तेच खरं. गुलमंडीजवळच्या एका घाण्यावरून ती डोळ्यांसमोर काढलेलं तेल घेऊन आली आणि तिच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघींनी नरसाळ्यानं बाटल्या भरल्या. मी काठोकाठ भरत होते. तिनं माझा हात धरला. "अगं थांब, वर चार बोटं जागा ठेव. विमानात वर गेल्यावर तेलाला अंग सैल करायला जागा लागती. नायतर बूच उडतंय." मी म्हटलं, तेल काही पसरट होऊन झोपत नाही, हिशेबानं बघितलं तर दोन बोटं पुष्कळ झाली. "तुझा हिशेब जमिनीवरचा," ती म्हणाली. "जाणाऱ्या भांड्यात जागा ठेवायची आसती. घरात ऱ्हाणाऱ्यात नाय." बुचावरून तिनं एक फुगा ताणून बसवला, वाढदिवसाला लावतात तसला लाल फुगा, आणि त्याच्या मानेवर दोरा गुंडाळला. वरून प्लास्टिकची पिशवी. आणि त्यावर, जुन्या सुती साड्यांचे थर घालून, बारीक धावदोरा मारून शिवलेलं एक गोधडीचं आवरण, वर नाडी ओढायची सोय असलेलं. मी त्याला बाटलीचं झबलं म्हणायची. आनंदनं तिला सांगितलं होतं की बाटल्यांसाठी हवा भरायच्या तयार पिशव्या मिळतात, त्या घे. ती म्हणाली, हवेवर माझा इश्वास नाय.

बॅग भरणं हा तर सोहळा असायचा. आधी तळाला चादर, मग साड्यांची गादी, मधोमध दोन बाटल्या, एकीचं तोंड इकडं तर दुसरीचं तिकडं, दोन्हींच्या मध्ये लियासाठी शिवलेली दुपटी, कडेला हळदमसाल्याची पाकिटं, चाकांच्या बाजूला काहीही जड नाही. बॅग बंद केली की ती कान लावून हलवायची. आत काही हललं की पुन्हा उघडायची. आणि सगळं मनासारखं झालं की पलंगावरून बॅग सरळ खाली ढकलून द्यायची. पहिल्यांदा तिनं हे केलं तेव्हा मी किंचाळले होते. "तिकडं काय फुलासारखी उचलणारेत का?" ती म्हणाली. "फुटायची आसली तर हितंच फुटू दे, माझ्यासमोर." फुटली नाही. मी मात्र त्या दिवशी दोनदा पाणी प्याले.

तिकडून परत आल्यावर तिनं जी हकीकत सांगितली ती सांगताना ती हसता हसता भिंतीला टेकली होती. तिनं बाटल्या मारियाबाईंच्या हातात दिल्या. त्यांचीच बाटली, त्यांचंच बूच, हिरव्या काचेतून आतला रंग काही कळत नाही. आनंद लियाला निजवायला आत गेलेला. "अगं, मारियाबाईंनी नाजूक गिलास काढले, सगळ्यांना थोडं थोडं वतलं. मलाबी दिलं. मी मनात म्हणलं, हितं तेल असं गिलासात घेऊन वास बघायची रीत असंल. व्याही उठले, गिलास वर केला, कायतरी बोलले, डोळ्यात पाणी बी आलं त्यांच्या... आन घेतला की मोठा घोट!" पुढं काय झालं विचारलं तर तिला बोलताच येईना. व्याह्यांचा चेहरा, त्यांना थुंकताही येईना आणि गिळताही येईना. मारियाबाई आधी गप्प, मग खुर्ची धरून हसायला लागल्या त्या थांबेचनात. मग त्यांनी आतून पाव आणला, मीठ आणलं, बशीत तेल ओतलं आणि पावाचा तुकडा त्यात बुडवून पहिला इंदूला भरवला. तिकडं पाव तेलाशी खातात हे इंदूला तेव्हा कळलं. "आपली भाकरी आन तेल-चटणी, दुसरं काय! दोघींचं कालवण एकच निघालं बघ."

त्यानंतर त्या दोघींचं जे जमलं त्याला नाव देता येत नाही. एकमेकींच्या भाषेचा एक शब्द येत नव्हता. चुलीपाशी... म्हणजे तिकडच्या गॅसपाशी, दोघी तासन्‌तास उभ्या असायच्या आणि आपापल्या भाषेत बोलत राहायच्या. इंदू मला सांगायची, मारियाबाईंना गुडघ्याचा त्रास आहे, त्यांचा भाऊ त्यांच्याशी बोलत नाही, त्यांना लेक लांब गेलेलं आवडलं नव्हतं. मी विचारायची, हे तुला कुठल्या भाषेत सांगितलं? ती म्हणायची, "सांगितलं बया, तुला काय करायचंय?" निघताना पुन्हा दोन बाटल्या, आणि त्या इंदूच्याच झबल्यांत, धुऊन इस्त्री केलेल्या. एका झबल्याची शिवण बॅगेच्या साखळीत अडकून उसवली होती. मारियाबाईंनी ती शिवून दिली होती, लाल दोऱ्यानं, आडवे ठसठशीत टाके घालून. इंदूनं मला ते टाके बोटानं दाखवले. "पांढरा दोरा काय नव्हता घरात तिच्या? मुद्दाम लाल घातलाय. दिसावं म्हणून." मला तर वाटतं, कुठल्याही बक्षिसाचं तिला एवढं अप्रूप वाटलं नसतं.

तिसऱ्या खेपेला मी तिला आणायला चिकलठाण्याच्या विमानतळावर गेले होते. बाहेर आली ती ढकलगाडीवरच्या बॅगेवर शाल टाकून. शालीखालून जांभळं पाणी ठिबकत होतं आणि लोक बघत होते. एक बाई नाकाला पदर लावून बाजूला झाल्या. घरी येऊन बॅग उघडली तर लाल बाटलीचा चुरा, साड्या, लियाच्या चित्रांचे कागद, सगळं भिजून एक झालेलं. दुसरी, पांढरी बाटली लाल टाक्यांच्या झबल्यात सुखरूप होती. फुटलेली नुसत्या मोज्यात गुंडाळून कडेला, चाकाशी ठेवलेली. "ह्या खेपेला बॅग आनंदनं भरली," ती म्हणाली. "एक झबलं सापडंना त्याला. घाईत होता." मग काचा वेचता वेचता, "शोभा, त्या घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं गं. मी दीड महिना होते, दोघांना मी एका टेबलावर जेवताना बघितलं नाय. त्याचं लक्षच नव्हतं बॅगेत." मी तिला म्हटलं, नवरा-बायकोत होतं असं. तिला ते पटलं नाही आणि मलाही नव्हतं पटलं. त्या बॅगेचा आंबूस वास नंतर कधी गेला नाही. ती फेकून दे म्हणून मी किती सांगितलं, पण तिनं ती पलंगाखाली तशीच ठेवली.

उरलेली बाटली ह्यांनी रिकामी केली, मी धुतली, इंदूनं भरली. चार बोटं जागा, बूच, लाल फुगा, लाल टाक्यांचं झबलं. दुसरी बॅगही जवळजवळ भरून ठेवली, कारण आनंद म्हणाला होता, उन्हाळ्यात ये. उन्हाळा आला तेव्हा म्हणाला, यंदा नको आई, कामाचं जरा अवघड आहे. पुढच्या वर्षीही तेच. पण तेल काही थांबत नाही. नवी करडई आली की ती बाटली काढायची, जुनं तेल फोडणीला संपवायची, बाटली उन्हात वाळवायची, नवं तेल भरायची, फुगा नवा लावायची. "बोलावणं कधी येईल सांगता येत नाय. आन खवट तेल घेऊन विहिणीच्या दारात जाऊ का?" मी तिला हसायची. मग हसणं बंद केलं.

आनंदनं सांगितलं त्या दिवशी मी तिच्याकडंच होते. फोन नेहमीसारखा मोठ्या आवाजावर ठेवलेला. "आई, मी आणि इनेस वेगळे झालोय. मी कॅनडात आलोय, नोकरी मिळाली इथं." इंदूनं विचारलं, कधी? "झालं... वर्ष होऊन गेलं." ती ओरडली नाही, रडली नाही. लिया कुणाकडं विचारलं. आईकडं, तो म्हणाला, सुट्टीत भेटतो. मग ही म्हणाली, "मारियाबाईंची बाटली माझ्याकडं आहे." त्याला वाटलं असेल, आई भानावर नाही. "आई, ती माणसं आता आपली कुणी नाहीत," तो अगदी हळू, समजावत बोलला. त्यावर ती जे म्हणाली ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. "तुझं इनेसशी मोडलं. माझं मारियाबाईंशी कुठं मोडलंय? तिचं भांडं माझ्या घरात आहे, आन ते भरल्यालं आहे."

मोडलं नव्हतं, पण जोडून ठेवायला तरी काय होतं? दोघींचं सगळं बोलणं आनंद नाहीतर इनेसच्या फोनवरून. मारियाबाईंचा स्वतःचा नंबर घ्यायची हिला कधी गरजच पडली नव्हती. आनंदकडून तिनं पत्ता घेतला आणि बाटली घेऊन आम्ही आमच्याच चौकातल्या कुरिअरवाल्याकडं गेलो. त्यानं बाटली हातात घेऊन बघितली, फुगा बघितला आणि मान हलवली. "मावशी, तेल नई जाता बाहर. पापड भेजो, चिवडा भेजो, जितना बोले उतना." इंदू म्हणाली, "पापड बाटलीत बसतेत का रे बाबा?" तो बिचारा हसला, पण घेतलं नाहीच. मग ती तिकडं जाणारं कुणी मिळतं का शोधत राहिली. सहलीच्या कंपनीत विचारून आली, जुन्या विद्यार्थ्यांना विचारलं. पुण्याचे लोक जातात, मुंबईचे जातात, पण त्या डोंगरातल्या गावात कोण जातंय? मी तिला म्हटलं, आपण दोघीच जाऊ. खरंच म्हटलं. पासपोर्ट काढायला मी तयार होते. ती म्हणाली, "आन राहायचं कुठं? कोण म्हणून जायचं? तिनं दार उघडलं आन इनेस आत असली तर तिला कसं वाटंल?" माझ्या विषयात प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं, म्हणून मला तो विषय आवडायचा.

एकदा, एकदाच, इनेसच्या जुन्या नंबरावर तिचा फोन लागला, चित्र दिसणारा. लियानं उचलला. केवढी मोठी झाली होती पोर, पुढचे दात पडलेले. इंदू घाईघाईत मराठीत बोलायला लागली, पोरीला काही कळेना. लहान असताना थोडं कळायचं तेही गेलेलं. मग इंदूनं मला खूण केली, मी कपाटातून बाटली आणली, तिनं झबलं उतरवून ती फोनसमोर धरली. लिया हसली. काहीतरी बोलली, आत वळून कुणाला तरी हाक मारली. मग इनेसचा चेहरा आला, दमलेला, सभ्य. तिनं इंग्रजीत तब्येत विचारली, काळजी घ्या म्हणाली आणि फोन बंद झाला. पुन्हा तो नंबर लागला नाही. इंदू बाटलीला झबलं चढवत बसली होती. मी म्हटलं, लियानं ओळखलं तुला. "बाटलीला ओळखलं," ती म्हणाली. "मला नाय." आणि नाडी घट्ट ओढून तिनं गाठ मारली.

पोटाचं दुखणं निघालं ते फार पुढं गेल्यावर निघालं. डॉक्टरांनी आनंदला फोनवर सांगितलं, त्यानं मला, आणि तिला कुणीच सांगितलं नाही, पण तिला कळायचं ते कळलं होतं. तो तिकीट काढत होता, रजेचं जमवत होता. तेवढ्यात ती गेली. मी देवधर्म करणारी बाई आहे. पण या सगळ्यात कुठं काही अर्थ होता असं मला कुणी पटवून देऊ नये. तिनं कुणाचं काही वाकडं केलं नाही, एक बाटली परत करायची होती, ती झाली नाही, आणि तिकडं मारियाबाईंना अजून माहीतही नसेल की आपली विहीण गेली. की त्यांना वाटत असेल, त्या बाईनं आपलं भांडं ठेवून घेतलं आणि येणं-जाणं संपवलं? हे मनात आलं की माझ्या हातातलं काम थांबतं.

आनंद आला, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, वंदना झाली, माणसं बरीच आली होती. शाळेतल्या मुली, आता बाया झालेल्या, हमसून रडल्या. त्याच्यावर रागवायचं मी ठरवून गेले होते, ते जमलं नाही. चाळिशीतच केस पिकलेले, डोळ्यांखाली काळं. निघायच्या आदल्या दुपारी मी गारखेड्याला गेले तर तो पलंगावर बॅग उघडून बसला होता. घर विकायला काढलंय म्हणाला. मी कपाटातून बाटली काढून त्याच्यापुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "मावशी, मी त्या गावाकडं आता जात नाही. लियाला सुट्टीत इनेस शहरातच आणून सोडते. मारियाच्या गावाला मी... नाही जाऊ शकत." मग त्यानं नाडी सोडली, बाटली बाहेर काढून टेबलावर ठेवली आणि झबलं हातात धरून त्याचा वास घेत राहिला. ते आईच्या साडीचं होतं, त्यानं ओळखलं होतं. शाळेच्या पहिल्या दिवशी ती साडी नेसून आई मला सोडायला आली होती, असं म्हणाला. लाल टाक्यांवरून अंगठा फिरवत विचारलं, "आईनं इथं लाल दोरा का वापरला असेल?" मी सांगितलं, ते आईचे नाहीत, मारियाबाईंचे आहेत. त्यानं झबल्याची घडी घातली, शर्टांच्या मधोमध ठेवली आणि बॅग बंद केली. बाटली टेबलावर उघडीच राहिली. "मी इनेसला कळवीन आईचं," जाताना तो म्हणाला. कळवलं की नाही, मी विचारलेलं नाही.

बाटली मी घरी आणली. परवा गुलमंडीला गेले, घाण्यावर नवं तेल आलं होतं, ते घेतलं. फुगा काढायला गेले तर तो काचेला चिकटून बसला होता, नखानं खरवडून काढावा लागला. जुनं तेल खरंच खवट झालं होतं, तिचा अंदाज बरोबर होता. फोडणीलाही चालण्यासारखं नव्हतं, ओतून दिलं. बाटली गरम पाण्यानं धुतली, गॅलरीत उन्हात पालथी ठेवली. दुपारभर ती तिथं हिरवी चमकत होती आणि आमचे हे जाता-येता तिच्याकडं बघत होते. संध्याकाळी ओट्यावर नरसाळं लावून मी तेल ओतायला लागले. खांद्यापर्यंत आलं, मानेशी आलं, आणि जिथं ती माझा हात धरायची तिथं मी आपोआप थांबले. चार बोटं उरली होती. हे दारात उभे होते. म्हणाले, "बस झालं ना? एवढंच भरायची ना ती?"

"जाणाऱ्या भांड्यात तेवढंच," म्हणत मी पुन्हा नरसाळं धरलं आणि बाटली काठोकाठ भरली. बूच दाबलं तसं थोडं तेल वर आलं आणि माझ्या बोटांवरून ओट्यावर सांडलं.